चवथीला (गणेश चतुर्थीला) घरची दोडकी हवीत, तर बी नेमके कधी टाकायचे? (गोवा)

मोगरी_फोंडा · २० मे २०२३

नमस्कार मंडळी. घर फोंड्याजवळ, मागे चारेक गुंठे परस, जांभ्याची तांबडी उताराची जमीन. दरवर्षी माटोळीला (गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधतात ती चौकट) निदान दोन-तीन वस्तू तरी घरच्या असाव्यात असा आमच्या सासूबाईंचा हट्ट. तोरिंजन शेजारून येते, सुपारी-नारळ आहेतच. माझ्याकडे दोडकी, तवसे (काकडी) आणि भेंडी.

गेल्या वर्षी मी मृगावर, ८ जूनला, दोडक्याचे बी टाकले. चवथ होती ३१ ऑगस्टला. दोडकी लागली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही खाल्ली, शेजाऱ्यांना वाटली, आणि चवथीच्या आदल्या दिवशी वेलावर काय होते? पिवळी पाने आणि एक वाकडे दोडके, तेही माशीने डंख मारलेले. शेवटी बाजारातून आणली. भाव सांगत नाही, सासूबाईही हा धागा वाचतात.

यंदा अधिक श्रावण आहे, चवथ १९ सप्टेंबरला. पाकिटावर नुसते "जून-जुलै" छापले आहे. कोणी नीट हिशेब सांगेल का? मृग चुकवू नये म्हणतात, पण मृगावर टाकले तर गेल्या वर्षीचाच प्रकार होणार.

शेणगोळा · २० मे २०२३

दोडकी म्हणजे शिरांची ना? आमच्याकडे अर्धा गाव शिरांच्यालाच घोसाळे म्हणतो. मागे कोणाला तरी बी पाठवले होते, वेगळेच उगवले म्हणून अजून बोलत नाही माझ्याशी.

मोगरी_फोंडा · २० मे २०२३

शिरांचीच हो. गुळगुळीत ते घोसाळे, निदान आमच्या घरात.

निवृत्त_मास्तर · २१ मे २०२३

मोगरीताई, घोटाळा कुठे होतो ते सांगतो. शाळेत भूगोल शिकवत होतो, त्यामुळे थोडे लांबेल.

मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात कधी शिरतो त्याचा हिशेब. म्हणून ती इंग्रजी तारखांना धरून राहतात. मृग ८ जूनच्या आसपास, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै. दरवर्षी फार तर एक दिवसाचा फरक. चवथ मात्र चंद्राची. २०२१ ला १० सप्टेंबर, २०२२ ला ३१ ऑगस्ट, यंदा १९ सप्टेंबर. म्हणजे पेरणी सूर्यावर आणि सण चंद्रावर. दोन घड्याळे वेगळी चालतात.

गेल्या वर्षी मृग ते चवथ ८४ दिवस होते. यंदा १०३. "मृगावर टाका" हा सल्ला चुकीचा नाही, पण तो श्रावणभर भाजी खाणाऱ्या घरासाठी आहे. तुम्हाला एका ठरावीक दिवशी दोडके हवे, तर चवथीकडून मागे मोजायला हवे.

वायंगणकार · २१ मे २०२३

मास्तरांनी मुद्दा बरोबर पकडला. आता शेतातला हिशेब.

दोडक्याचे पहिले फळ बी टाकल्यापासून ५० ते ६० दिवसांत. पावसाळी उजेड कमी, त्यामुळे मी आठवडाभर जास्तच धरतो. पहिली दोन-तीन फळे कधीच सरळ येत नाहीत, वेलाला जोर यायला वेळ लागतो. म्हणजे चवथीला देखणे फळ हवे तर तोडा त्याआधी पंधरवडाभर सुरू झालेला हवा. ५ सप्टेंबरला पहिला तोडा, तिथून ६० दिवस मागे गेलात की ७ जुलै. पुनर्वसू लागते तेव्हाच.

पण ७ जुलैला बी थेट जमिनीत टाकलेत तर कुजणार. त्या दिवसांत आमच्याकडे असा पाऊस असतो की आळे भरून वाहते. म्हणून जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पिशवीत पेरायचे, पिशव्या पागोळ्यांपासून आत पडवीत ठेवायच्या, पण उजेड मिळेल अशा. दोन खरी पाने आली की उघडीप बघून लावायचे. त्याहून मोठे करू नका. वेलवर्गाची मुळे हलवलेली सोसत नाहीत, पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट ठेवा.

आळे खड्ड्यात नको, उंचवट्यावर. उताराची जमीन आहे हे तुमचे नशीबच.

आणि बी एकदम संपवू नका. अर्धे पहिल्या खेपेला, अर्धे पंधरा दिवसांनी.

पर्वरीची_गच्ची · २२ मे २०२३

वाचतोय. पुण्याहून इथे येऊन दोन वर्षे झाली, चौथ्या मजल्यावर गच्ची. मी पाकिटावरच्या महिन्यांप्रमाणे नोव्हेंबरात मटार, गाजर, फुलकोबी लावले. मटाराला फुले आली आणि गळली. गाजर करंगळीएवढे. फुलकोबीची नुसती पाने, गड्डा लिंबाएवढा. पुण्यात हेच सगळे कुंडीत यायचे. बी वाईट की मी?

बियाणेवेडी · २२ मे २०२३

दोन्ही नाही, थंडी. पाकिटावर "रब्बी" छापणारा माणूस घाटावरचा किंवा उत्तरेकडचा विचार करतो. पणजी-पर्वरीला जानेवारीतही दुपारी ३२-३३ अंश आणि पहाटे २० च्या आसपास असते. मटाराला तिशीच्या वरच्या दुपारी मानवत नाहीत, फुले गळतात. फुलकोबीला गड्डा धरायला वाणाप्रमाणे गारवा लागतो, उशिराचा वाण असेल तर इथे तो कधीच मिळत नाही. सत्तरी-सांगेच्या आतल्या भागात पहाटे बऱ्यापैकी गार असते, तिथे थोडे जमते.

तुमच्यासाठी हिवाळ्यात नवलकोल, मुळा, पालक, कोथिंबीर, तांबडी भाजी (लाल माठ), वांगी, मिरची, टोमॅटो. नवलकोल इथे सुंदर येतो, रोप लावल्यापासून ५०-६० दिवस. मुळा ४०-४५. टोमॅटोचे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, मार्चमध्ये नको. उन्हाळ्यात किनाऱ्यावर रात्रीही तापमान २५ च्या खाली क्वचितच उतरते, झाड हिरवेगार दिसते आणि फळ धरत नाही.

पर्वरीची_गच्ची · २२ मे २०२३

मार्चमध्येच लावला होता. झाड माझ्याहून उंच झाले होते. फोटो काढून घरच्यांना पाठवत होतो.

काणकोणी · २३ मे २०२३

पाकिटाचे सोडा, गोव्यातल्या गोव्यात तरी महिने कुठे सारखे आहेत? आमच्या काणकोणातल्या खोला गावची मिरची पावसाळी. डोंगराच्या उतारावर, पाणी थांबत नाही अशा जागी. रोप पावसाच्या तोंडाला तयार करायचे, पाऊस लागला की लावणी, आणि गणपती-दसऱ्याच्या सुमाराला लाल मिरची. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हापासून सगळेच बी मागतात, आणि मग नोव्हेंबरात सपाटीवर लावून "तुमच्या मिरचीला वास नाही" म्हणतात!

पेडण्याकडच्या हरमलच्या मिरचीचे वायंगणकारबाब सांगतील.

वायंगणकार · २३ मे २०२३

आमच्याकडे उलट. सरद (पावसाळी) भात काढले की त्याच वाळूमिश्रित शेतात मिरची. वाफा हस्ताच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबरअखेर, रोप ४० दिवसांचे झाले की दिवाळीच्या आसपास लावणी. उन्हाळ्यात सुकवून पुरुमेंताला (पावसाळ्याच्या साठवणीला) तयार.

म्हणजे मिरची ती मिरची, राज्य एकच, दोन टोके, आणि पेरणीत चार महिन्यांचा फरक. म्हणून "मिरची कधी लावू" असे कोणी विचारले की मी आधी विचारतो, जमीन कुठली? मरड (उंच, उताराची), खेर (मधली, वाळूमिश्रित) की खाजन (खाडीकाठची)? मरडावर पाऊस सुरू असतानाच भाजी घेता येते, कारण पाणी वाहून जाते. खेरात पावसात भातच, भाजी भातानंतर. खाजनाला खाऱ्या पाण्याचे गणित, तिथे मी तोंड उघडत नाही, आमची नाही.

भातानंतरची पेरणी तारखेवर होत नाही, वाफशावर होते. अळसांद्यांचेच (चवळीचेच) घ्या. भात कापले, नांगरले, मूठभर माती उचलायची आणि दाबायची. पाणी सुटले किंवा गोळा चिकट राहिला तर थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर भुगा झाला, की त्याच दिवशी बी टाका. चार दिवस उशीर केलात तर वरचा थर वाळतो आणि मग पाणी घालत बसा. नुसत्या ओलीवर येणारे पीक आहे ते. वडील तर माती दाबून नाकाला लावायचे. मला त्या वासातले अजून काही कळत नाही, पण मीही लावतो.

मोगरी_फोंडा · २४ मे २०२३

धागा छान चाललाय, पण तवसे आणि भेंडीचे राहिले.

वायंगणकार · २४ मे २०२३

भेंडी ४५-५० दिवस, जुलैअखेर टाकली तरी चालेल. आपली सात शिरांची लांब भेंडी असेल तर थोडी आधी. तवसे कोवळे खायचे तर ४५ दिवस, पण माटोळीला बांधायला मोठे, पिवळसर झालेले हवे ना? मग ते वेलावर आणखी तीन आठवडे ठेवावे लागेल. म्हणजे दोडक्याच्या बरोबरीने किंवा आठवडाभर आधीच टाका. मोठे केलेले एक तवसे वेलाची सगळी ताकद ओढते, बाकीची कोवळी कमी लागतील हे धरून चाला.

शेणगोळा · २४ मे २०२३

वेलवर्गाला फळमाशी. ताईंचे ते "डंख मारलेले" तेच. फूल गळून फळ बोटभर झाले की कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधा. डंखलेली फळे मांडवाखाली टाकून ठेवू नका, आतल्या अळ्या मातीत जातात आणि पुन्हा माशा होऊन येतात. सगळे लोक हेच करतात आणि मग फवारा विचारतात.

चिबूडप्रेमी · २५ मे २०२३

माझा वेगळाच प्रश्न. गावठी वाल. जूनला लावले तरी शेंगा नोव्हेंबरात, ऑगस्टला लावले तरी नोव्हेंबरात. मोजणी कुठे चुकते?

बियाणेवेडी · २५ मे २०२३

इथे मागे मोजायचे गणित चालत नाही, म्हणूनच हा माझा आवडता प्रश्न.

दोडकी, भेंडी बऱ्यापैकी दिवस मोजून फळतात. गावठी वाल, चौधारी शेंग, अंबाडी ही मंडळी दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. दिवस लहान होत गेला की मगच फुलायचे. गोव्यात सर्वात मोठा दिवस जूनमध्ये साधारण १३ तासांचा, डिसेंबरात सव्वाअकराच्या आसपास. फरक आपल्याला जाणवतही नाही, वालाला जाणवतो. जूनला लावलात तर तो पाच महिने नुसता वेल वाढवतो आणि तुमचा मांडव मोडतो. ऑगस्टला लावलात तर वेल आटोपशीर आणि शेंगा त्याच वेळी. ज्या सुधारित वाणांवर बारमाही लिहिलेले असते त्यांना हे बंधन नाही, पण चवही ती नाही, हे माझे मत.

तांबड्या भाजीलाही थोडी ही खोड आहे. थंडीत पेरलेली लवकर तुऱ्यावर येते. म्हणून तेव्हा २५ दिवसांनी उपटायचीच, चाळीस दिवसांची वाट बघायची नाही.

मोगरी_फोंडा · २५ मे २०२३

तांबड्या भाजीवरून आठवले. आमच्या सासूबाई ते बारीक बी मूठभर कोरड्या वाळूत कालवून फेकतात, नाहीतर एका जागी गच्च आणि बाकी वाफा टकला. आणि कडेने राखेची रेघ. एकदा मी रेघ विसरले. संध्याकाळी मुंग्यांची रांग, प्रत्येकीच्या तोंडात एक काळा चकचकीत दाणा, वाफ्यापासून थेट तुळशीवृंदावनाच्या भेगेत. पंधरा दिवसांनी भाजी वृंदावनातून उगवली.

गव्हाळी · २८ मे २०२३

अमावास्या-पौर्णिमेचे कोणी बोलले नाही. मुळा-कंद वद्य पक्षात, पालेभाजी शुद्धात असे आमच्या आजोळी पाळतात.

निवृत्त_मास्तर · २८ मे २०२३

पाळा. मी दोन्ही पक्षांत मुळा लावून पाहिला, मला फरक दिसला नाही. आमच्या सौभाग्यवतींना दिसला. विषय तिथेच थांबवला.

साखळीचा_पाट · ३ जून २०२३

सगळे तारखा मोजताय, बी उगवते का ते कोणी तपासले? मी गेल्या वर्षी एका दुकानातून वांग्याचे बी घेतले, वाफा केला, महिनाभर माती बघत बसलो. दुकानदार म्हणे पाऊस जास्त झाला. पाकीट उलटे धरून पाहिले तर मुदत कधीच संपलेली. हंगाम गेला तो गेला.

बियाणेवेडी · ३ जून २०२३

दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, फडके सुकू द्यायचे नाही. दोडके-भेंडी पाच-सहा दिवसांत, वांगी-मिरची आठ-दहा दिवसांत मोड दाखवतात. दहातले सात आले तर पेरा, चार आले तर दुप्पट पेरा, दोन आले तर दुकानात परत.

वांग्यावरून एक. आगशीचे किंवा ताळगावचे गावठी वांगे लावणार असाल तर सलग त्याच वाफ्यात मिरची-टोमॅटो-वांगी नको. आपल्या आंबट, ओल्या मातीत मर रोग बसलेला असतो. हिरवेगार झाड दुपारी मान टाकते आणि दोन दिवसांत संपते. शंका आली तर खोड कापून तुकडा ग्लासभर स्वच्छ पाण्यात लटकवा. कापलेल्या तोंडातून दुधी धागा खाली उतरताना दिसला की समजा तोच. मग तारीख कितीही बरोबर काढली असली तरी उपयोग नाही, जागा बदला. जुने गोवे-एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत मर सहन करणारे वांग्याचे वाण मिळतात का ते विचारून पाहा. दापोलीच्या विद्यापीठाचे दोडक्याचे कोकण हरिता, पडवळाचे कोकण श्वेता, कारल्याचे कोकण तारा हेही आपल्या हवेचेच आहेत.

मोगरी_फोंडा · ९ जून २०२३

मृग लागले, पाऊस नाही. समुद्रात वादळ आहे म्हणतात. बरे झाले टाकले नाही.

वायंगणकार · १२ जून २०२३

काल आला. आता एका सरीवर भुलू नका. माती वीतभर भिजेपर्यंत भाताचेही बी टाकत नाही मी.

मोगरी_फोंडा · १५ जुलै २०२३

हजेरी लावते. पहिली खेप २ जुलैला पिशव्यांत, बारा दाणे. नऊ उगवले. काल उघडीप मिळाली तेव्हा लावले. दुसरी खेप आज पिशव्यांत, वायंगणकारबाबांचे ऐकून. तवशाची चार रोपे आधीच लावली.

मोगरी_फोंडा · १९ जुलै २०२३

मोर. नऊपैकी सहा रोपांचे शेंडे खुडले. आमच्या घरच्यांचे म्हणणे, "देवाचे वाहन, काय बोलणार." वाहन सरस्वतीचे की कार्तिकेयाचे ते कोणी सांगत नाही, आणि माटोळी तर गणपतीची.

शेणगोळा · १९ जुलै २०२३

त्याचे वाहन उंदीर. तो पण येईल, थांबा.

काट्यांच्या फांद्या आळ्यावर उलट्या ठेवा, वेल हातभर वर चढेपर्यंत. जाळी लावलीत तर त्यात साप अडकतो, म्हणून मी काटेच वापरतो.

काणकोणी · २६ ऑगस्ट २०२३

ऑगस्टात मिरचीला पाणी घालतोय. आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्याकडे काय?

मोगरी_फोंडा · २६ ऑगस्ट २०२३

तेच. बादलीने. पण कोरड्यामुळे पाने स्वच्छ आहेत, गेल्या वर्षीसारखे डाग नाहीत. मोराकडून वाचलेल्या तिन्ही वेलांना फुले. दुसऱ्या खेपेची सात रोपे मांडवावर.

मोगरी_फोंडा · २१ सप्टेंबर २०२३

दीड दिवसाचा गणपती काल पोचवला, आता लिहायला सवड.

पहिल्या खेपेचे पहिले दोडके ३ सप्टेंबरला तोडले. म्हणजे ६३ दिवस. वाकडे होते, वायंगणकारबाब. चवथीच्या आदल्या दिवशी वेलावर सात, त्यांतली चार सरळ. दुसऱ्या खेपेची अजून बोटभर, पिशव्या बांधल्यात. तवसे एकच, पण दोन हातांत न मावणारे, पिवळे. भेंडी भरपूर.

माटोळीला दोन दोडकी बांधली. सासूबाईंनी खालून बघितले, म्हणाल्या, "एक जरा तिरके आहे." मग स्वतःच स्टुलावर चढून दोर सरळ केला.

वहीत लिहून ठेवले आहे: पिशवीत २ जुलै, जमिनीत १४ जुलै, पहिला तोडा ३ सप्टेंबर, मोर १९ जुलै. पुढच्या वर्षी चवथ ७ सप्टेंबरला, बारा दिवस अलीकडे. म्हणजे पिशव्या २० जूनला भरायच्या.

वायंगणकार · २१ सप्टेंबर २०२३

२० जूनला पाऊस कसा असेल ते बघून. बाकी अभिनंदन. हस्त २७ ला लागते, मिरचीचा वाफा उंच करून वर चुडते (माडाची झावळी) टाका. दुपारच्या गडगडाटी सरींनी कोवळे रोप आडवे होते.

पर्वरीची_गच्ची · २२ सप्टेंबर २०२३

टोमॅटोचे बी आज ओल्या फडक्यात ठेवले. दहा दाणे. बघू.